मुकाईच्या टेकडीवरचं मौन

आता मला सांगा मंडळी, देवाकडं मागणं अवघड, की देवानं दिलेलं ओळखणं? मागणं अवघड? कोण म्हणालं ते? बसा, ऐका.

एक होते रावजी खोत. त्यांची पाच वर्षांची नात, मंजुळा. नाव मंजुळा, पण तोंडातून शब्द नाही! ऐकू यायचं, कळायचं, बोलणं तेवढं नव्हतं. जीव तुटायचा हो म्हाताऱ्याचा. कुणी सांगितलं, मुकाईच्या टेकडीचा नवस करा. मुकाई ठाऊक नाही? नसणारच — तिथं ना जत्रा, ना भज्यांची गाडी! कमरेएवढं गवत, एक पायवाट आणि माथ्यावर घंटा. नेम एकच, पायथ्यापासून घंटा वाजवेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

आता रावजी आणि मौन — म्हणजे मांजराला एकादशी! तरी निघाले, नातीचं बोट धरून. गळ्यात पाटी अडकवली, 'माझे मौन आहे'. अहो, त्या रानात वाचणार कोण, नाकतोडे?

अर्ध्या वाटेवर भागूबाई भेटली, गवत कापणारी म्हातारी. भारा बांधून तयार, पण डोक्यावर चढवायला दुसरं माणूस नाही. म्हणाली, "दादा, जरा हात लावता का?"

रावजींनी पाटी दाखवली.

"मला वाचता येत नाही. आणि हात लावायला तोंड कशाला लागतंय?"

रावजी मान फिरवून चालू लागले. नवसाला उशीर होत होता ना!

मंजुळा मात्र जागची हलेना. तिनं आजोबांचा हात ओढला, भाऱ्याकडं बोट केलं, ओठ थरथरले, आणि — "आबा, उचला ना."

मंडळी, ज्या शब्दासाठी म्हातारा पाच वर्षं झुरला, तो आला! आणि रावजींनी काय केलं? झडप घालून पोरीचं तोंड दाबलं. "गप्प! नवस मोडेल!"

भागूबाई म्हणाली, "मोडला की. आता तरी हात लावा."

रावजी मटकन गवतात बसले. काय करून बसलो ते कळलं, आणि ढसाढसा रडले. मग भारा चढवला. मंजुळा पुढं बोलू लागली. आईशी बोलली, भागूबाईशी बोलली, शेळीशीसुद्धा बोलली. आबांशी बोलायला मात्र तिनं दिवाळी उजाडू दिली.

हसताय? हसा. खांबापाशी बसलेल्या आजीबाई, मघाशी तुमच्या नातीनं विचारलं, "मुकाईला भूक लागली तर ती कसं सांगते?" आणि तुम्ही काढलात चिमटा — गप्प बस, कीर्तन चाललंय! दिसलं मला. सोडा तिचा दंड.

बोल बाळ. मी थांबलोय.