बकुळचं राहिलेलं हसू

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय. माणसाला रूपं किती? साहेबापुढं एक, गिऱ्हाइकापुढं एक, आणि व्याह्यांपुढं तर विचारूच नका — तिथं आपण सगळेच मोठे जहागीरदार! बरं, मग एवढ्या रूपांतलं आपल्या लेकरासाठी राखून ठेवलेलं रूप कोणतं? लगेच सांगू नका. असू दे. आधी गोष्ट ऐका.

कोल्हापुरात एक सिनेनटी होती. द्वारकाबाई. अहो काकू, नाक मुरडू नका! कीर्तनात नटी कशाला, असंच ना? हे गाभाऱ्यात उभे आहेत ना, त्यांनी काय कमी सोंगं घेतली? त्यांना हात जोडता, मग हिची गोष्ट ऐकायला काय होतंय?

तर द्वारकाबाई! सकाळी खाष्ट सासू, दुपारी देवभोळी विधवा, पुढच्या चित्रात डोईला फेटा बांधून घोड्यावर! सासू बघून बायका बोटं मोडायच्या, विधवा बघून त्याच बायका पदरानं डोळे पुसायच्या. दिग्दर्शकानं म्हणावं, "बाई, डाव्या डोळ्यातनं पाणी पाहिजे," की आलंच डाव्या डोळ्यातनं! नवरा लवकर गेलेला. घरात नणंद अक्काताई, आणि एकुलती एक लेक, बकुळ. नुकते दुधाचे दात पडायला लागलेले.

आता त्या धंद्यातली एक रीत सांगतो. पडद्यावर जो मरतो ना, त्यानं सीन संपला की उठायचं आणि कॅमेऱ्याकडं बघून हसायचं. ते हसू टिपून घ्यायचं, मगच कॅमेरा बंद! खोटं मरण अंगाला चिकटू नये म्हणून. खुळचट म्हणा हवं तर, पण भलेभले नट उठून हसायचे.

एका चित्रात लेकरू आईच्या मांडीवर जीव सोडतं, असा सीन होता; आई झालेली द्वारकाबाईच. ठरलेली पोरगी ऐनवेळी आलीच नाही. द्वारकाबाई म्हणाली, "माझी बकुळ आहे की!" आणि बकुळ हरखली हो! सिनेमाचं तिला काय? दिवसभर आईच्या मांडीवर पडून राहायला मिळणार, एवढंच तिला कळलं.

सीन असा झाला, की दिवे धरणारेसुद्धा रडले. "कट!" झालं, आणि रंगभूषा करणारे म्हातारे दत्तोबा पुढं धावले — "ताई, पोरीला हसवा! कॅमेरा बंद करू नका!" पण बाहेर दुसऱ्या स्टुडिओची गाडी भोंगा वाजवत होती. "उद्या घेऊ हो दत्तोबा. मला तिकडं सासू व्हायचंय!" बाई गेली. कॅमेऱ्यावर कापड पडलं. बकुळ मात्र तिथंच बसून राहिली, पडलेला दात दिसू नये म्हणून ओठ दाबून, हसायच्या तयारीत. दत्तोबा म्हणाले, "हसल्याबिगर सीन पुरा होत नसतोय, बाळा." पोरीनं ते मनात धरलं.

मग रोज तेच! "आई, माझं हसायचं राहिलंय." "उद्या गं." "कॅमेरा नसला तर नसू दे. तूच बघ. हसू का आता?" "थांब गं बकुळ, संवाद पाठ करतेय ना!" बाई आरशापुढं दुसऱ्याच कुठल्या तरी लेकराला जवळ घ्यायची तालीम करत होती. लेक मागं दाराशी उभी.

आणि बकुळला ताप आला. हटेना. अक्काताईनं स्टुडिओत निरोप धाडला, पोर आईआई करतेय, असशील तशी ये. बाई म्हणाली, "एवढा शॉट देते आणि निघते." शॉट दिला. निघाली ती तशीच, सासूच्या रंगात — पांढरे केस, कपाळाला आठ्या, काजळानं ओढलेले डोळे. धावत आत आली, पोरीवर वाकली. बकुळनं डोळे उघडले आणि घाबरून अक्काताईचा पदर धरला. "आत्या, ही बाई कोण गं? माझी आई कुठाय?"

अहो, ज्या बाईला सारा मुलूख ओळखत होता, तिला तिची लेक ओळखेना!

बाई न्हाणीत धावली. तोंड घासलं, रंग धुतला, ओल्या तोंडानं परत आली. तोवर पोर गेली होती. बाईनं तिला मांडीवर घेतलं. "बकुळ, हस बघू. मी बघतेय ना! मला कुठं जायचं नाही गं आता." त्या डोळ्यांतनं त्या दिवशी टिपूसही आलं नाही.

काही दिवसांनी ती स्टुडिओत गेली. फिल्म जोडणाऱ्याला म्हणाली, "माझ्या लेकीचं हसू असेल कुठं तरी, तेवढं दाखवा." त्यानं सगळी रिळं चालवली. पोर आजारी होती, पोर मरत होती, पोर मेलेली होती. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, ते घेतलंच नव्हतं." चित्र लागलं. थिएटरं रडली. लोक म्हणाले, काय रडलीय बाई! बाई ते बघायला कधी गेली नाही.

आता कुणी म्हणेल, रीत मोडली म्हणून पोर गेली. असं म्हणणाऱ्यानं माझ्या कीर्तनाला येऊ नये! पोर तापानं गेली. रीत मोडली म्हणून एवढंच झालं — तिचं हसू बघायचं राहिलं.

मंडळी, तुमच्या घरी आत्ता कोण जागं आहे? "बघा ना, बाबा" म्हणून कुणी मागं उभं होतं आणि तुम्ही "उद्या" म्हणून इथं आलात? माझं कीर्तन ऐकायला? खरं सांगतो, वाईट वाटलं मला. आज गजर लांबवत नाही. एकदा विठ्ठलाचं नाव घ्या आणि उठा. तोंडावर पाणी मारा, जगाला दाखवायचा चेहरा उंबऱ्याबाहेर ठेवा, आणि जाऊन बघा. प्रसादाला थांबू नका. तो मी उद्या घरी पाठवीन.