गिअरबॉक्स याआधी कोणी उघडला होता का?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमचे मालक, व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, विमा कंपनीचे मोठे साहेब, सत्कारमूर्ती आणि आम्हा सर्वांच्या ताई, ताईंचे कुटुंबीय, शोरूमची सुटाबुटातली मंडळी, आणि मागच्या रांगेत बसलेले माझे वर्कशॉपचे भाऊबंद, ज्यांनी आज प्रथमच हात धुतलेले दिसताहेत, सर्वांना माझा नमस्कार.

मी इथला हेड मिस्त्री. उभ्या आयुष्यात मी जे काही बोललो ते गाडीखाली आडवं पडून बोललो, त्यामुळे उभं राहून बोलताना जरा चुकल्यासारखं होतंय.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. नव्या गाडीला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ती संपायच्या आत जादा पैसे भरले की आणखी दोन वर्षं मिळतात. ही वाढीव वॉरंटी विकायचं काम ताईंचं, वरच्या मजल्यावर, काचेच्या केबिनमध्ये. आणि पुढे गाडी बिघडली, तर क्लेम मंजूर करायचा की नाही, हेही बघायचं ताईंनीच.

आता गिऱ्हाईक वर पैसे भरायला जाण्याआधी खाली माझ्याकडे यायचं आणि हळूच विचारायचं, "मिस्त्री, खरं सांगा, घ्यावी का?" मी हात पुसत पुसत सांगायचो, "पैसे पाण्यात." अकरा वर्षं हेच सांगितलं. मालक, तुम्ही आज हे प्रथमच ऐकताय, याची मला कल्पना आहे. पण निरोप ताईंचा आहे, माझा नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

मग माझ्याच गाडीची तीन वर्षं भरत आली. गाडी ऑटोमॅटिक. चालवते आमची बायको. ती शाळेत शिकवते, शाळा लांब, रोजचे जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. तिने विचारलं, "वाढवायची ना वॉरंटी?"

मी म्हटलं, "घरात हेड मिस्त्री असताना? शिंप्याने विकतचा सदरा घालावा का?"

ती म्हणाली, "शिंप्याच्याच बायकोच्या अंगावर ठिगळं असतात."

शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, कोणाची तरी फाईल काखेत मारून मी गुपचूप वर गेलो. केबिनमध्ये एक आजोबा बसले होते, पैसे हातात घेऊन. ताई त्यांना विचारत होत्या, "गाडी किती वर्षं ठेवणार? रोज किती चालवता? आणि एखादा मोठा भाग गेला, तर खर्च झेपेल का?" आजोबा म्हणाले, गाडी फक्त भाजी आणायला काढतो. ताई म्हणाल्या, "मग नका घेऊ. त्या पैशात टायर बदला, ते गुळगुळीत झालेत."

मी दारातच थिजलो. अकरा वर्षं मी खाली उभा राहून या बाईंच्या नावाने बोटं मोडत होतो, आणि या वर बसून स्वतःच गिऱ्हाईक परत पाठवत होत्या!

माझी पाळी आली. तेच तीन प्रश्न. उत्तरं ऐकून म्हणाल्या, "तुम्ही घ्या."

"आजोबांना नको आणि मला घ्या?"

"सत्तर किलोमीटर रोज, वर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. घ्याच. फक्त एक करा मिस्त्री. घरी काही उघडू नका. बाहेर उघडलेला भाग वॉरंटीत बसत नाही."

मी सही केली आणि म्हटलं, खाली कोणाला कळू देऊ नका. ताईंनी शब्द पाळला. पण शोरूममधल्या त्या मोठ्या पडद्याला कुठे शब्द दिला होता? वॉरंटी घेणाऱ्याचं नाव फोटोसकट त्यावर आपोआप झळकतं. मी जिना उतरतोय, तर समोर चार फुटांचा माझा फोटो आणि खाली, 'आजचे आमचे सुज्ञ ग्राहक'. गाड्या धुणाऱ्यांनी पाईप टाकून टाळ्या वाजवल्या. तुम्ही हसताय, पण आठवडाभर मी मागच्या दाराने येत होतो.

पाच महिने बरे गेले. मग एका रविवारी गिअरबॉक्स किर्र करायला लागला. आता मला सांगा, डॉक्टरच्या घरात कोणी खोकलं, तर डॉक्टर स्वस्थ बसेल? मी अंगणात गिअरबॉक्स उतरवला. सगळे भाग जेवणाच्या टेबलावर मांडले, बायकोच्या उत्तरपत्रिकांवर. संध्याकाळी पुन्हा जोडला. किर्र गेलं. गाडीही जागची हलेना. आणि टेबलावर एक वॉशर उरला.

सोमवारी मी बायकोला गाडी ओढून आणायला लावली, आणि स्वतः दुसऱ्या गाडीखाली जाऊन पडलो. ताईंनी फॉर्म काढला. "गिअरबॉक्स याआधी कोणी उघडला होता का?"

शिक्षिका ती! "हो, आमच्या ह्यांनी. हा वॉशर सोबत आणलाय."

क्लेम नामंजूर. मी तरातरा वर गेलो. म्हटलं, "ताई, अकरा वर्षं एका छपराखाली आहोत. आपला माणूस म्हणून तरी?"

ताईंनी चष्मा काढला. "आपला माणूस म्हणून मंजूर केलं, तर उद्या खाली तुम्ही लोकांना सांगाल की वरच्या बाई लबाड आहेत. आणि मिस्त्री, तेव्हा ते खरं असेल."

मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. बायको दोन महिने बसने गेली आणि घरात माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या महिन्यात पदरमोड करून गिअरबॉक्स नीट केला, वर जाऊन ताईंची माफी मागितली, त्यांनी चहा मागवला. तेव्हापासून कोणी विचारलं की मी एवढंच सांगतो, "वर जा, बाई तीन गोष्टी विचारतील, खरी उत्तरं द्या."

मागच्या महिन्यात ताईंनी स्वतःची पहिली गाडी घेतली, पांढरी शुभ्र. जन्मभर बसने आलेली बाई! खाली आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मिस्त्री, मी वाढीव घेऊ का?" मी तेच तीन प्रश्न विचारले, निवृत्तीनंतर गाडी जेमतेम बाहेर निघणार हे कळलं आणि म्हटलं, "नका घेऊ." त्या म्हणाल्या, "मीही तेच ठरवलंय." माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू...

काय? चिठ्ठी? आत्ता? बरं, वाचतो. 'बाहेर पांढऱ्या गाडीचे दिवे चालू राहून बॅटरी उतरली आहे. तिच्यामागे प्रमुख पाहुण्यांची गाडी अडकली आहे.' पांढरी गाडी...

ताई, उठू नका, पुष्पगुच्छ पडेल. बॅटरी उतरणं कुठल्याच वॉरंटीत बसत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. मंडळी, भाषण इथेच आवरतो. तुम्ही शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाला लागेल असं काही निघालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मागच्या रांगेतले चौघे माझ्याबरोबर चला, गाडी ढकलायची आहे. पाहुण्यांनीही कोट काढून ठेवावा. बाहेर उतार आपल्या बाजूचा नाही.