मायच्या तोंडी मोहाची फुलं

माझा जन्म नवापूरच्या डोंगरातला. बाप भात-नागली पिकवायचा, आणि मोह पडायच्या दिवसांत सगळं घर टोपल्या घेऊन झाडाखाली. आमचे देव म्हणजे वाघदेव, डोंगरदेव आणि आमची गेलेली माणसं. माणूस गेलं की त्याच्या तोंडात मोहाच्या दारूचे दोन थेंब घालायचे, मग पुरायचं. थेंब दिले नाहीत तर त्याला जुन्या माणसांत कोणी बसू देत नाही, असं माय सांगायची.

मग धर्म आले, दोन्हीकडून आले. काय सांगू तुम्हाला, मिशनचे लोक औषध घेऊन आले, माझा थोरला भाऊ रुपजी तापातून उठला तो त्यांचाच झाला. धाकटा दामजी शहाद्याकडे कापूस वेचायला गेला, तिथून गळ्यात माळ घालून आला, मग रोज अंघोळ, कोंबडी बंद, रुपजीच्या घरचं पाणीसुद्धा बंद. एका मायचे दोघे, आणि घरात मधे भिंत घातली. माय म्हणायची, तुम्ही कोणाचेही व्हा रे, मला तेवढे थेंब द्या.

गेली ती. अंगणात ठेवली, तर रुपजी म्हणाला पेटीत घालून क्रूसाखाली पुरू, दामजी म्हणाला प्रकाशाच्या तीर्थाला नेऊन तापीकाठी जाळू. ऊन चढलं, माश्या बसायला लागल्या, मी पदराने वारते आहे, आणि हे भांडतात माय कोणाची. जिवंतपणी तिच्या वाटीत भाजी आहे का, ते एकानेही पाहिलं नव्हतं. मी दारूचं मडकं आणलं, तर एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघे तेवढ्यापुरते एक झाले. एक म्हणाला हे पाप, दुसऱ्याने मान हलवली, आणि दोघांनी मिळून मडकं दगडावर फोडलं. सारंगखेड्याचा एक शेतकरी मजूर न्यायला आला होता, तो ओट्याशी उभा राहून हसला, म्हणे, तुम्हना देवबी वाटणी मांगतस का? मी मान खाली घातली. खोटं काय बोलला तो?

मी घरात गेले, सुकवलेली मोहाची फुलं आणली, पाण्यात चोळली आणि मायच्या ओठांत पिळली. दोघांकडे बघून म्हटलं, "हे फूल आहे. आता फुलालाही पाप म्हणा."

गावच्या माणसांनी तिला जुन्या जागी पुरलं. माझे भाऊ वेगवेगळ्या झाडांखाली उभे राहिले, एकानेही मूठभर माती टाकली नाही, का, तर दुसऱ्याचा देव जिंकल्यासारखं दिसलं असतं.

आता मी म्हातारी झाले. रुपजी सांगतो माय येशूकडे आहे, दामजी सांगतो वैकुंठात आहे, आणि दोघेही मला म्हणतात, बाय, आमच्यात ये. मी म्हणते, बाबांनो, तुमचे देव सुखी राहोत, लेकरंबाळं सुखी राहोत, मला बोलवू नका. लेकीला सांगून ठेवलं आहे, मी गेले की त्या दोघांना वेशीवर भांडू दे, आणि तोवर तू मला पुरून ये.