आईसाठी काळा रंग

केस रंगवायचे ते नक्की कुणासाठी, असं तुम्हाला कधी दुकानदाराने विचारलंय? मला विचारलं.

माझी आई आमच्याकडेच असते. हल्ली तिला फारसं आठवत नाही. माझे केस पांढरे झाल्यापासून ती मला ‘अहो बाई’ म्हणते आणि रोज विचारते, “आमची सुमन शाळेतून आली का हो?” मीच सुमन, असं सांगितलं की हसते. “काहीतरीच! तुमचं वय काय, तिचं काय!”

म्हणून परवा मंडईजवळच्या दुकानात गेले. म्हटलं, “एकही पांढरा केस दिसणार नाही असा रंग द्या. अगदी काळा.”

“काकू, तपकिरी घ्या. या वयात काळाभोर रंग विग घातल्यासारखा दिसतो.”

“दिसू दे.”

“एवढं कुणासाठी? घरात लग्न आहे का?”

“आईसाठी. ती मला ओळखत नाही हो.”

त्याने तपकिरी रंग बाजूला सारला. मग एक खोकं पुढे करून म्हणाला, “हा न्या. कानाजवळ जरा जास्त वेळ ठेवा, तिथले केस हट्टी असतात.”

रंग छान बसला. पण जेवताना आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ती झोपायला गेली. मला वाटलं, सगळं फुकट गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तेलाची बाटली घेऊन आली, “सुमे, बस खाली, शाळेला उशीर होतोय,” म्हणाली आणि तिने माझ्या दोन वेण्या घातल्या.