वाघासमोर कार्टूनातला खलनायक

तुम्ही हसाल, पण माझा जीव एकदा सावली गावच्या बाजारात घेतलेल्या प्लास्टिकच्या मुखवट्यावर टांगला होता. वाघ मागून झडप घालतो, म्हणून मोहफुलं वेचायला जाताना आम्ही डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधतो. मी मुद्दाम कार्टूनातला दुष्ट रोबोट घेतला, ट्रकचा राक्षस होणारा. लाल डोळे, लोखंडी दात. मुलगी म्हणाली, "बाबा, हा तर दरवेळी हारते."

त्या सकाळी कंबर सरळ करायला मी उभा राहिलो, तर समोर वेचणारी बायको एकदम थिजली.

"हालू नका. तुमच्या मागं वाघ हाय."

"काय करून राह्यला?"

"रोबोटकडे पाहून राह्यला."

"भ्याला का?"

"नाई. बसला."

मुलीचं बोलणं आठवलं आणि मानेवरून घाम उतरला. "आता?" मी पुटपुटलो.

"उठला. इकडंच येऊन राह्यला. चूप राहा."

मी डोळे गच्च मिटले. पाचोळा वाजला, मग तोही थांबला. वळावं तर मुखवटा फिरतो, न वळावं तर वाघ दिसत नाही. किती वेळ तसा होतो, देव जाणे. शेवटी डोळे उघडले. बायकोची टोपली काठोकाठ भरली होती.

"वाघ?"

"तो कवाचाच गेला."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"दोन्हीकडं तोंड असलेला राखनदार रोज भेटते का? म्हटलं, आपला मोह वेचून घ्यावा."