आमच्या पिकअपचा घसा

…न्हाय न्हाय, इंजिनाचं नावच काढू नका! इंजिन ठणठणीत हाय. पंचेचाळीस वर्षांची पिकअप हाय आमची, आप्पांनी, म्हंजे आमच्या वडलांनी घेतलेली, पण आजपण मंगळवेढ्यावरनं कडब्याचा डोंगर घेऊन सोलापुरात येती, वाटेत एकदा शिंकत न्हाय! ब्रेक लागतो, लाइट लागतो, वायपर हातानं फिरवावा लागतो पण फिरतो की! एक हॉर्न तेवढा वाजंना. आणि शुक्रवारी आरटीओत पासिंग! तुमाला सांगतो, हॉर्न न्हाय तर गाडी नापास, गाडी नापास तर कडबा बंद, आणि कडबा बंद झाला तर ह्या विरेशनं खायचं काय? पेंढ्या डोक्यावरनं आणू मंगळवेढ्यास्नं?

आणि ज्याला विचारावं तो एकच सांगतो, “अरे विरेश, हॉर्न म्हंजे काय? दोन वायरीचं काम हाय की!”

दोन वायरी! एक करंटाची, एक बटनाची. म्हटलं, मग आपणच करू. डॅशबोर्डखाली डोकं घातलं तर… अहो, दोन कसल्या? दोनशे! आणि सगळ्या काळ्या! आप्पांचा स्वभावच तसा, हाताला घावंल ती वायर जोडायचे. एका जागी रेडिओची, एका जागी घरातल्या पंख्याची, आणि वर अव्वाच्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. अव्वा म्हंजे आमची आई. एक वायर ओढली तर वायपर सुरू! दहा वर्षांनी आपोआप सुरू! मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू… मग तो थांबंना.

तसाच, ऊन तापलेलं, वायपर फटाक फटाक चाललेला, गेलो होटगी रोडला प्रदीपकडं. वायरिंगचं दुकान हाय त्याचं. मोबाइलातनं मान वर न काढता म्हणतो, “काका, दोन वायरीचं काम हाय. बसा, चा घ्या.” तीन चा झाले! त्यानं बटन बदललं, फ्यूज बदलला, कसलीशी डबी बसवली, आणि मग म्हणतो, “काका, हॉर्न अर्थिंग घेईना.” म्हटलं, का घेईना बाबा? “रंग लई जाड दिलाय तुमी, पत्र्याला वायर टेकंना.” आता पासिंगसाठी आठच दिवसांपूर्वी हौसेनं निळा रंग मारून घेतलेला! घेतला की ह्यानं स्क्रू-ड्रायव्हर, आणि खरवडली गाडी सहा ठिकाणी. खरूज झालेल्या शेळीवानी दिसायला लागली! आणि हॉर्न? बटन दाबलं… टक्. बस्स! एवढंच. टक्!

मग राहिले महबूबचाचा. आप्पांच्या वेळचे वायरमन, ऐंशीच्या पुढचे, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. त्यांनी प्रदीपचं काम बघितलं आणि भडकलेच, “कौन करा रे ये? दो वायरां का काम, खिचडी कर दिया!” उपटल्या सगळ्या! एवढं बरं, की वायपर थांबला. बॅटरीपास्नं नवी वायर ओढली, स्टिअरिंगच्या दांड्यातनं दुसरी काढली, दोन तास मान वाकडी करून बसलो आमी दोघं. “अब दबा.” दाबलं. टक्!

चाचा खाली उतरले. हॉर्नला कान लावला. मग वास घेतला. अहो, हॉर्नचा वास घेणारा वायरमन बघितलाय का कधी? म्हणाले, “विरेश, इसकू चिंवट्यां क्यूं लगे रे?” बघतो तर काय, मुंग्यांची रांग! हॉर्नच्या कर्ण्यात रिकाम्या जायच्या आणि काहीतरी घेऊन बाहेर यायच्या. चाचांनी आत स्क्रू-ड्रायव्हर खुपसला, कोरलं, तर विटंसारखा पिवळा खडा बाहेर. त्यांनी बघितलं, मी बघितलं. “विरेश… ये तो पुरण है.”

पुरण! हॉर्नात! तसाच घरी पळालो. अव्वा ज्वारी निवडत बसलेली. “अव्वा, खंडेनवमीला गाडीची पूजा केलीस, निवद कुटं दाखवलास?”

“तोंडाला,” म्हणाली.

“गाडीला तोंड कुटं असतंय अव्वा?”

“वरडती कुटनं ती? तेच तोंड! दरवर्षी बोटभर लावत हुते. औंदा तुझं आप्पा न्हाईत. ती एकटी राबती आपल्यासाठी. म्हणून पोटभर घातलं, वरनं तूप. सणादिवशी तिला उपाशी ठिवू व्हय रं?”

मी तिच्याशेजारी बसलो, मूठभर ज्वारी निवडली. राग सगळा गेला… पाच मिनटं. मग परत आला!

गरम पाण्यानं पुरण काढलं, आतली पत्र्याची चकती बदलली, चाचांनी एक स्क्रू आवळला आणि… पोंऽऽऽक! शेजारच्या दोन शेळ्या दावं तोडून पळाल्या. मी चाचांचे पायच धरले.

शुक्रवारी पासिंग. साहेब म्हणाले, “हॉर्न.” पोंऽऽऽक! “बास, बास! ओके.” कागद हातात! तुमाला सांगतो, मॅट्रिकला एवढा आनंद झाला न्हवता, कारण तितं पास झालो न्हवतो. गेटातनं बाहेर आलो, डावीकडं वळवली आणि… पोंऽऽऽऽऽऽ! सरळ केली, गप. डावीकडं, पोंऽऽऽऽऽऽ! चाचांची ती स्टिअरिंगमधली वायर कुटंतरी घासाय लागली की! उजवीकडं वळा, सोन्यासारखी गप्प. आणि माझं घर? सात वळणं, सातही डावीकडं! पुढचा माणूस मागं बघून शिव्या देतो, मी हात जोडतो, हात जोडायला स्टिअरिंग सोडतो, ते आपलं आपण डावीकडं जातं… पोंऽऽऽऽऽऽ! चाचांना फोन लावला. “अरे, कुछ नै, घबरा मत, दो वायरां का काम…” फोन कट केला मी!

आता परत खोलायची माझ्यात ताकद न्हाय. स्टिअरिंगमधली ती बटनाची वायर उपटून ठेवलीय, हॉर्न गप. अव्वा म्हणाली, “मी हाय की!” तवापास्नं शेजारी बसती. पुढं कोण आलं की खिडकीतनं डोकं बाहेर काढती आणि कानडीत एकच हाळी, “एऽऽ, सरियोऽऽ!” म्हंजे बाजूला सरक रे! खरं सांगू? ट्रकवालासुद्धा बाजूला होतो. फक्त रस्ता मोकळा झाला तरी ती थांबत न्हाय… आणि हिला गप करायची वायर कुटली, ते आप्पांनासुद्धा पन्नास वर्षांत घावलं न्हाय!