नवीन मालकाचं स्वागत असो

नाही, पण चौथ्यांदा! चौथ्यांदा गाडी टो करून नेली हो परवा, आणि तीही कुठून, तर भर चौकातून, सिग्नल हिरवा, मागे सगळे हॉर्नवर हात ठेवून बसलेले, आणि चारशे घोड्यांची ताकद आहे हिच्यात, तुम्हाला सांगतो, चारशे, पण त्यातल्या एकाला पुढे जावंसं वाटेल तर शपथ! टोवाला उतरला, मला बघून हसला, "या साहेब, तुमची सीट पुसून ठेवलीय." माझी सीट! त्याच्या ट्रकमध्ये! आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो तो आता. पण काही म्हणा... आवाज काय आहे हो तिचा!

तुम्ही म्हणाल, घेतलीस कशाला? तत्त्व हो, तत्त्व! मी सहा वर्षं लांब तिकडे परदेशात शिकायला होतो, आणि येताना एकच गोष्ट डोक्यात घेऊन आलो: वस्तू टाकायची नाही, दुरुस्त करायची! जग वाचवायचं तर दुरुस्त करायची! विमानतळापासून घरापर्यंत मी यावर व्याख्यान दिलं. आई म्हणाली, "आधी हातपाय धू." आणि महिन्याभरात ही घेतली, अकरा वर्षं वापरलेली, लालभडक स्पोर्ट्स कार. दलाल म्हणाला, "एकच मालक, साहेब! एकहाती गाडी!" एकहातीच असणार हो... दुसरा हात त्या मालकानं कायम कपाळाला लावलेला असणार!

आणि खरं सांगू? ती मी माझ्यासाठी घेतलीच नव्हती. बाबांसाठी घेतली. बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. एकतीस वर्षं, एकच रस्ता, आणि काटा कधी चाळीसच्या वर गेला नाही. आता नजर अधू झालीय, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे लायसन्स संपलं की संपलं, नवं मिळायचं नाही. म्हटलं, त्याआधी एकदा, एकदाच, माझ्या बापानं गाडी पळवायची!

पण बाबा कसले बसतात! "डेपोचा नियम आहे. दुरुस्तीहून आलेली गाडी सात दिवस बिनतक्रार चालली पाहिजे. मग मी स्टेअरिंगला हात लावीन." आणि वही काढली. तक्रारवही! मी ऑफिसातून आलो रे आलो की दारातच, "हं, बोल. आज काय तक्रार?" पाणी नाही, चहा नाही, तक्रार!

सात दिवस? हिचे दोन होईनात! रोज सकाळी चालू करावी तर समोरच्या पडद्यावर, "नवीन मालकाचं स्वागत असो! कृपया भाषा निवडा." अगं, कालच निवडली ना! मग काच वर चढते आणि अर्ध्यातून विचार बदलून खाली येते, दिवे लागतात, पिवळे, लाल, त्यातला एक तर पुस्तकातसुद्धा सापडत नाही, आणि गिअर असे बदलते की मागे अंग चोरून बसलेली आई म्हणाली, "अरे, उचक्या लागल्यात हिला. कुणीतरी आठवण काढतंय." कोण काढणार? गॅरेजवाला!

हा गॅरेजवाला, त्याला सगळे 'बघूया' म्हणतात. खर्च किती? "बघूया." कधी मिळेल? "बघूया." आता परत बंद नाही ना पडणार? मग तो वर आभाळाकडे बघतो! ब्रेकच्या चकत्या मागवल्या, त्या जहाजानं आल्या, लाकडी खोक्यातून... मी स्वतः तिकडून इतक्या थाटात आलो नव्हतो हो! चार टायर घ्यावेत तर एका पगारात दोनच बसतात. मग सेन्सर, मग दुसरा सेन्सर, मग गिअरचा कसला तो कॉम्प्युटरचा डबा. आणि कहर म्हणजे, त्याच्याकडे ती चालते! चार-चार दिवस, लोण्यासारखी! "साहेब, माझ्याकडे काही दुखत नाही हिला. तुमच्या घरीच काहीतरी आहे." माझ्या घरी काय असणार? आई, मी आणि बाबा. आणि बाबा तर बिचारे, रोज संध्याकाळी मी अंघोळीला गेलो की म्हणायचे, "जरा गाडीवर फडकं मारून येतो." एवढी माया! आणि खरंच, आवाज काय आहे हो तिचा!

लायसन्सचे नऊ दिवस उरले. झोप लागेना, पहाटे पाचला उठून खाली गेलो. बघतो तर बॉनेट उघडं, आणि बाबा हातात पाना घेऊन बॅटरीची वायर जोडतायत.

"बाबा! काय करताय?"

"काय म्हणजे? संध्याकाळी काढतो, सकाळी जोडतो, म्हणजे रात्रीत बॅटरी उतरत नाही. डेपोत एकतीस वर्षं हेच केलं. माझी एक बस बॅटरीपायी रस्त्यात उभी राहिली नाही. तुझी ही एवढी नाजूक, पण बॅटरीची तक्रार आहे वहीत? दाखव."

नव्हती हो! तीच एक नव्हती! अहो, हिचं सगळं डोकं कॉम्प्युटरचं, वायर काढली की शिकलेलं सगळं पुसलं, रोज नवा जन्म! चकत्या आणि टायर खरेच झिजले होते, ते सोडा, पण ते सेन्सर, तो डबा... माझे पाच पगार त्या पान्यानं खाल्ले! मी तोंड उघडलं. व्याख्यान ओठावर होतं. आणि बाबा तो पाना फडक्यानं इतका हळुवार पुसत होते... मिटलं तोंड. म्हटलं, "बाबा, बघूयानं सांगितलंय, सात दिवस वायर काढायची नाही. ट्रायल आहे." ट्रायल म्हटल्याबरोबर पाना खिशात! डेपोचा माणूस!

आणि काय सांगू, सात दिवस हूं नाही की चूं नाही. आठव्या दिवशी बाबांनी वहीत सही केली, इस्त्रीचा शर्ट घातला, गाडीभोवती चक्कर मारली, टायरला लाथा घातल्या आणि बसले. आई मागे. मी म्हटलं, "बाबा, दाबा!" चाळीस. रिकामा सरळ रस्ता, आणि चाळीस! वर प्रत्येक बसस्टॉपवर थांबतायत! एका स्टॉपवर कुणा बाईंनी वाकून विचारलं, "कुठे जाते?" बाबा म्हणाले, "डेपो." मग शेवटचा स्टॉपही मागे पडला, बाबांनी आरशात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि... दाबली! आई किंचाळली, मी सीटमध्ये रुतलो, आणि तो आवाज... आणि बाबा हसत होते हो! नऊ-दहा सेकंद. मग कडेला घेतली, वही मागितली आणि लिहिलं: "तक्रार: गाडी फार पळते. दुरुस्त करणे."

लायसन्स संपलं. वाटलं, आता तरी सांगावं. पण त्याच संध्याकाळी मी अंघोळीला निघालो, तर बाबा खिसा चाचपत म्हणाले, "ट्रायल संपली ना रे? जरा फडकं मारून येतो." चालवणं गेलंय त्यांचं, आता पानाही काढून घेऊ? नाही जमलं. म्हणून ती चौकात उभी राहते, म्हणून टोवाला माझी सीट पुसतो, आणि म्हणून रोज सकाळी मी मुकाट्यानं भाषा निवडतो. आजवर या एका गाडीचा मी एकशे चौदा वेळा नवीन मालक झालोय... उद्या विकायची म्हटलं, तर "एकच मालक" असं म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही!